झाड छाटायचंय? आधी हिशेब समजून घ्या

'छाटणी फुकट करून देतो, लाकूड तेवढं आमचं.' मे महिना लागला की पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या फाटकाशी हे वाक्य हमखास ऐकू येतं. पावसाळा तोंडावर असतो, गुलमोहराची फांदी कुणाच्या तरी गाडीवर आलेली असते, सेक्रेटरींकडे दोन-चार तक्रारी पडून असतात. पैसे लागणार नाहीत म्हटल्यावर कमिटीत कुणी हरकत घेत नाही आणि संध्याकाळपर्यंत झाडाचा नुसता खांब उरतो.

यात छाटणाऱ्याने काही लपवलेलं नसतं. त्याची कमाई लाकडाच्या वजनावर आहे, हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. वाळलेल्या, किडलेल्या, बारीक फांद्यांना वखारीत भाव नाही. भाव आहे तो मांडीएवढ्या जाड, जिवंत, रसरशीत फांद्यांना. त्यामुळे ज्या काढायला हव्या होत्या त्या वाळक्या फांद्या वर तशाच राहतात आणि ज्या झाडाला तोलून धरत होत्या त्या टेम्पोत जातात. म्हणून या लेखातला पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हा: ज्याला लाकडातून पैसे मिळणार आहेत, त्याला छाटणीचं काम देऊ नका. मजुरी द्या, रोख द्या, चांगली द्या. पण काम कमी कापण्याचं द्या.

फुकट छाटणी पुढे किती महाग पडते ते पाहू. गुलमोहर, सोनमोहर किंवा पर्जन्यवृक्षाचा शेंडा आणि मुख्य फांद्या अर्ध्यावरून उडवल्या की झाड उपाशी पडतं, कारण अन्न तयार करणारी पानंच गेलेली असतात. जीव वाचवायला ते कापलेल्या टोकांतून झुपक्यांनी कोवळे धुमारे फेकतं. संत्रा-डाळिंबाचे बागायतदार ज्यांना पानसोट म्हणतात तसे हे फुटवे सरळ वर धावतात. दोन-तीन वर्षांत ते मनगटाएवढे जाड होतात, पण त्यांचा सांधा फक्त सालीलगतच्या थराशी असतो; मूळ फांदीसारखा खोडाच्या आतून आलेला नसतो. खालचं कापलेलं टोक दरम्यान कुजत असतं. मग एखाद्या जुलैत वाऱ्यात हा सगळा झुपका मुळासकट उखडतो. म्हणजे धोका कमी करण्यासाठी केलेल्या छाटणीनेच नवा धोका तयार केला, वर दर दोन वर्षांनी पुन्हा छाटणी करणं भाग पडलं.

कागद आधी, कोयता नंतर

महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाड आपल्या आवारात आहे, आपणच लावलंय, आपणच पाणी घातलंय, हे सगळं खरं असलं तरी ते तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 'तोडणे' या शब्दात कायद्याने झाड जाळणं आणि त्याला इजा करणं हेही धरलेलं आहे. म्हणून जबर छाटणीही त्यात सापडू शकते. बुंध्याशी ॲसिड ओतणं, साल गोल सोलून काढणं असले छुपे प्रकार तर सरळ गुन्ह्यात मोडतात. 2021 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढ्या संख्येने नवी झाडं लावण्याची अट आली. चाळीस वर्षांचा आंबा तोडायचा तर चाळीस रोपांची जबाबदारी, असा हा हिशेब आहे.

साध्या छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. अर्जासोबत झाडाचे चारही बाजूंनी काढलेले फोटो, सोसायटी असेल तर कमिटीच्या ठरावाची प्रत, आणि छाटणी का हवी याचं स्पष्ट कारण द्या. 'झाडाचा त्रास होतो' असं मोघम लिहू नका. 'पूर्वेकडची वाळलेली फांदी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीवर आली आहे' असं लिहिलं तर पाहणीला येणाऱ्या निरीक्षकाचं कामही सोपं होतं आणि परवानगीही तेवढ्याच फांदीपुरती मिळते. शुल्क आणि अनामत प्रत्येक महापालिकेची वेगळी असते, ती वॉर्ड ऑफिसात किंवा संकेतस्थळावर पाहून घ्या. अनामत भरली असेल तर पावती जपून ठेवा आणि बदली रोपांचे फोटो तारखेसह काढत राहा. पैसे परत मागायच्या वेळी हेच पुरावे उपयोगी पडतात.

'परवानगी मी काढून देतो' म्हणणारे ठेकेदार भेटतात. काढून देऊ दे बापडे, पण पत्र तुमच्या किंवा सोसायटीच्या नावाचं हवं आणि कोयता चालण्याआधी मूळ प्रत तुमच्या हातात हवी. काम चालू असताना शेजाऱ्याने तक्रार केली आणि अधिकारी आले, तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार आहे. रस्त्याकडेचं झाड महापालिकेचं असतं. त्याच्या छाटणीसाठी खासगी माणसाला पैसे देऊ नका आणि परस्पर हातही लावू नका. वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार नोंदवा.

गावाकडच्या घरांचं काय? तिथे 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. सागवान, खैर, चंदनाला परवानगी लागते हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ हेही आहेत. परसातला फणस घर वाढवण्यासाठी तोडायचा असेल तरी आधी वन विभागाच्या किंवा तहसीलच्या कचेरीत चौकशी करा. गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. तिथे 2016 मध्ये माडाला झाडाच्या व्याख्येतून वगळलं गेलं होतं, त्यावर बराच गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी माडाला राज्यवृक्षाचा मान देऊन संरक्षण परत देण्यात आलं. तेव्हा 'माड म्हणजे गवत, त्याला कसली परवानगी' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

झाड कलंडलं आहे, फांदी तुटून लोंबते आहे, कुणाच्या जिवावर बेतण्याची वेळ आहे, अशा प्रसंगी कागदाची वाट पाहायची नसते. अग्निशमन दलाला 101 वर फोन करा, मुंबईत महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक 1916 आहे. धोक्याचा भाग काढण्याआधी फोटो आणि व्हिडिओ घ्या, आणि चोवीस तासांच्या आत वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवा.

खर्च येतो कशाचा?

'एका झाडाचे किती?' हा प्रश्नच अपुरा आहे. खर्च झाडामागे ठरत नाही, माणसं, वेळ आणि कचरा यांवर ठरतो. हे एकदा कळलं की कुठलंही दरपत्रक वाचता येतं.

पुणे-मुंबई-ठाणे पट्ट्यात साधारण तीन-साडेतीन मजले उंचीचा एक गुलमोहर नीट छाटायला चार जणांची तुकडी लागते: झाडावर चढणारा, खाली दोर सांभाळणारा, आणि फांद्या ओढून तुकडे करणारे दोन मदतनीस. अशी तुकडी दिवसाला दोन झाडं करते. सध्याच्या दिवसांत कुशल चढणाऱ्याला 1,800 रुपये, दोरवाल्याला 1,200, मदतनिसांना प्रत्येकी 800 धरा. चेन-सॉचं भाडं, पेट्रोल, दोरांची झीज मिळून 800. हे झाले 5,400. आता कचरा. दोन गुलमोहरांचा पाला आणि डहाळ्या म्हणजे टेम्पोच्या दोन खेपा. खेपेला 2,500 धरले तर 5,000. एकूण 10,400. त्यावर ठेकेदाराचा पाचवा हिस्सा, म्हणजे 2,080. दोन झाडांचे 12,480, एका झाडाचे सव्वासहा हजारांच्या आसपास. तुमच्या गावात मजुरी कमी असेल, झाड अडचणीत असेल, तर आकडे खाली-वर होतील. हा ढोबळ हिशेब आहे, पण भाव करायला बसताना हातात आधार हवा म्हणून मांडला.

यातली एक गोष्ट डोळ्यांत भरण्यासारखी आहे: ठेकेदाराचा नफा सोडला तर जवळजवळ निम्मा खर्च कचरा वाहून नेण्याचा आहे. सोसायटीत खतासाठी खड्डा किंवा जाळीचा मोठा पिंजरा असेल तर पाला तिथेच जिरवता येतो आणि किमान एक खेप वाचते. डहाळ्यांचा भुगा करणारं यंत्र ठेकेदाराकडे असेल तर तो भुगा बागेतल्या झाडांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून पसरा. उन्हाळ्यात पाणी वाचतं. मला विचाराल तर पाच-सहा शेजारच्या सोसायट्यांनी मिळून छाटणीचे दिवस ठरवले तर तुकडीची आणि टेम्पोची ये-जा वाचून प्रत्येकीचा खर्च कमी होतो.

आता उलट बाजूने पाहा. याच झाडाला कुणी 1,500 रुपये सांगितले तर उरलेले पैसे कुठून तरी वाचवले जाणार. एकतर लाकूड विकून, किंवा दोर-पट्ट्याशिवाय माणूस चढवून, किंवा पाला रात्री कोपऱ्यावरच्या नाल्यात टाकून. स्वस्त भावाची किंमत झाड, मजूर किंवा नाला यांपैकी कुणीतरी भरतं, आणि दुसऱ्या प्रकारात ती एका मजुराच्या हाडांनी भरली जाते.

भाव वाढवणाऱ्या काही खऱ्या गोष्टीही आहेत. खाली पत्र्याची शेड किंवा गाड्यांची रांग असेल तर प्रत्येक फांदी दोराने बांधून उतरवावी लागते, वेळ दुप्पट लागतो. आतून पोकळ झालेल्या खोडावर माणूस चढवणं धोक्याचं, तिथे बास्केटची गाडी लागते आणि तिचं भाडं वेगळं. गाडी आत येईल एवढं फाटक आहे का ते आधी मोजा. विजेच्या तारा जवळ असतील तर महावितरण, किंवा मुंबईत तुमची जी कंपनी असेल ती, तिच्याकडून वीजपुरवठा बंद ठेवण्याची वेळ लेखी घ्यावी लागते. 'आम्ही सांभाळून करतो' हे उत्तर तारांच्या बाबतीत कधीही ऐकून घेऊ नका. ओल्या फांदीतून वीज वाहते.

आणि हंगाम. मे महिन्यात सगळ्यांनाच छाटणी हवी असते, त्यामुळे चांगले चढणारे मिळत नाहीत आणि भाव चढा असतो. अर्ज डिसेंबर-जानेवारीत टाका, काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. परवानगीला वेळ लागला तरी पावसाआधी पुरेसे दिवस उरतात. काम सुरू करण्याआधी घरटी पाहून घ्या. अंडी-पिल्लं असलेलं घरटं हलवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. त्या फांदीची छाटणी पिल्लं उडेपर्यंत थांबली तरी चालते.

माणूस पारखायचा कसा

बहुतेक छाटणारे कुठल्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र दाखवू शकणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तरी पाच मिनिटांच्या बोलण्यात बरंच कळतं. झाडाखाली उभं करून विचारा: 'यातल्या कुठल्या फांद्या काढाल आणि का?' जाणकार माणूस आधी वाळलेल्या दाखवतो, मग एकमेकींवर घासणाऱ्या, मग गॅलरीकडे झुकलेल्या, आणि शेवटी म्हणतो, 'बाकीचं राहू द्या.' ज्याचं बोट थेट शेंड्याकडे जातं त्याला चहा पाजून निरोप द्या. निरोगी मोठ्या झाडाची एका वर्षात पाव हिश्श्यापेक्षा जास्त हिरवी पालवी काढायची नसते, हे प्रमाण जगभरचे वृक्षतज्ज्ञ मानतात. म्हाताऱ्या झाडाला तर त्याहून कमी.

दुसरा प्रश्न कापण्याच्या पद्धतीचा. जाड फांदी एका घावात कापली तर ती पडताना खालची साल खोडापर्यंत सोलत नेते. म्हणून तीन काप घ्यायचे असतात. पहिला, खोडापासून हातभर लांब, फांदीच्या खालच्या बाजूने, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा, त्याच्या किंचित पुढे, वरून. यात फांदी साल न ओढता खाली येते. तिसरा, उरलेला खुंट काढण्यासाठी. हा तिसरा काप कुठे पडतो यावर सगळं अवलंबून आहे. फांदी खोडाला मिळते तिथे बुंध्याशी एक फुगीर कडं दिसतं, वरच्या बेचक्यात सालीच्या काळसर सुरकुत्या असतात. काप त्या कड्याच्या अगदी बाहेर हवा. कडं कापून खोडाला सपाट केलं तर जखम मोठी होते. हातभर खुंट ठेवला तर तो कुजून आत खोडात शिरतो. बरोबर कापलेल्या जागी वर्षभरात चारही बाजूंनी सालीचा गोल वळ आत सरकताना दिसतो. ठेकेदाराने मागच्या वर्षी छाटलेलं एखादं झाड पाहायला मागा आणि हे वळ शोधा. कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा हा दाखला पक्का.

कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइलपेंट फासायचे वेगळे पैसे लावले असतील तर ते कापून टाका. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी-आडवी कापून पाहिली आणि दाखवून दिलं की झाड जखम भरून काढत नाही, ते खराब भागाभोवती आतून भिंत उभी करतं. वरून फासलेल्या लेपाने कुजणं थांबत नाही. आपल्याकडे आंबा-काजूच्या छाटणीनंतर बोर्डो पेस्ट लावतात, ती बुरशीनाशक आहे आणि फळबागेत तिला जागा आहे: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मिश्रण प्लास्टिकच्या भांड्यात करायचं, लोखंडी बादलीत नाही. पण सोसायटीच्या गुलमोहराला त्यासाठी हजारो रुपये मोजायची गरज नाही.

तिसरा प्रश्न सुरक्षेचा: 'चढणाऱ्याचा पट्टा कुठे बांधणार?' हेल्मेट, कमरेचा पट्टा आणि झाडाला बांधलेला वेगळा दोर, या तिन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माणसाला वर जाऊ देऊ नका. ठेकेदाराकडे मजुरांचा अपघात विमा आहे का ते विचारा आणि पॉलिसीची प्रत घ्या. नसेल तर त्या दिवसांपुरता विमा काढायला लावून त्याचा खर्च आपण उचलणं हे मी सोसायटीचं कर्तव्य मानते. झाडावरून पडलेल्या माणसाचं घर चालवायला नंतर कुणी येत नाही.

बोलणी झाली की कागदावर घ्या. फार कायदेशीर भाषा नको. 'पार्किंगजवळचा एक सोनमोहर व प्रवेशद्वाराशी एक गुलमोहर. फक्त वाळलेल्या, तुटलेल्या व सोबतच्या फोटोत खूण केलेल्या फांद्या काढणे. शेंडा कापणार नाही. फांद्या दोराने उतरवणार. लाकूड व पाला सोसायटीचा. तो उचलून कुठे नेणार ते आधी कळवणार. शेड, गाड्या, भिंत यांचं नुकसान झाल्यास ठेकेदार भरून देईल.' एवढं लिहून दोघांच्या सह्या. आगाऊ रक्कम पंचवीस-तीस टक्क्यांपेक्षा जास्त नको, उरलेली आवार झाडून झाल्यावर. बिल घ्याच. काही बिनसलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला शुल्क लागत नाही, पण बिलाशिवाय तिथे हातात काहीच नसतं.

माडाची गोष्ट वेगळी

नारळाच्या झाडाला एकच शेंडा असतो. तो दुखावला की झाड संपलं. त्यामुळे माड 'छाटायचा' नसतो, साफ करायचा असतो: सुकलेल्या झावळ्या, जुन्या पोयी, आणि रहदारीच्या जागेवर असेल तर तयार नारळ. हिरव्या झावळ्या कापून वर चार-पाच शिल्लक ठेवणारे असतात. त्याने झाड कमजोर होतं आणि कापलेल्या देठांच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. गेंड्या भुंग्यासाठी शेंड्याजवळच्या झावळ्यांच्या बेचक्यांत वाळूत मिसळून डांबरगोळ्या ठेवायची पद्धत आहे. साफसफाईला चढलेल्या माणसाकडूनच ते करून घ्या, वेगळी खेप नको. चढण्यासाठी खोडाला कोयत्याने खाचा पाडू देऊ नका. आंब्यासारखी माडाची जखम सालीने मिटत नाही, ती खाच कायमची राहते.

भाव इथे झाडामागे ठरतो. कोकणात आणि गोव्यात, जिथे माडावर चढणारे पाडेली गावातच असतात, तिथे माडामागे शंभर-दीडशे रुपयांत काम होतं, काही जण नारळांत हिस्सा घेतात. शहरात एकट्या-दुकट्या माडासाठी तीनशेपासून हजारापर्यंत सांगतात, कारण माणूस लांबून येतो. शहरातल्या माणसाला एकाच फेरीत आजूबाजूचे दहा-बारा माड मिळवून दिले तर भाव निम्म्यावर येतो. नारळ विकास मंडळाने चढणाऱ्यांसाठी यंत्राने चढण्याचं प्रशिक्षण सुरू केलेलं आहे आणि 'केरा सुरक्षा' नावाची अपघात विमा योजनाही आहे. तुमच्या पाडेल्याला ती माहीत नसेल तर माहिती काढून द्या, अर्ज भरायला मदत करा.

2017 च्या जुलैत चेंबूरमध्ये सकाळी फिरायला निघालेल्या एका महिलेच्या अंगावर माड कोसळला आणि तिचा मृत्यू झाला. ते झाड काढावं म्हणून रहिवाशांनी आधी अर्ज केला होता, हेही नंतर समोर आलं. तेव्हा अर्ज एकदा टाकून गप्प बसू नका. खोड वाकत असेल, बुंध्याशी चीक गळत असेल, शेंडा एका बाजूला कलत असेल तर नव्या फोटोंसह पुन्हा अर्ज करा, पोच घ्या, आणि तोवर त्या झाडाखालची बाकं आणि पार्किंग हलवा.

घरच्या घरी, बिनखर्चाचं

ठेकेदाराला बोलवायची वेळ कमी यावी यासाठी जे करायचं ते बहुतेक फुकट आहे. झाडाच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक फोडा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचा एक मीटर परिसर मोकळा करण्याचे आदेश दिले होते, तेवढा तरी आपल्या आवारात पाळा. झाडाची पाणी आणि हवा घेणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. म्हणून पाणी बुंध्याशी ओतू नका, थोडं लांब गोल आळं करून घाला. पार बांधून बुंधा मातीत पुरणं हे तर झाडाला हळूहळू मारणं आहे. मातीखाली गेलेली साल ओली राहून कुजते. पालापाचोळा जाळू नका, आळ्यात टाका, पण सालीला चिकटून ढीग नको.

खोडात खिळे, पाट्या, तारेने बांधलेली दिव्यांची माळ, हे सगळं काढा. तार सालीत रुतली की रस वाहून नेणारा मार्गच आवळला जातो. नव्या रोपाला लावलेली लोखंडी जाळीही वेळेत काढायची असते. कितीतरी झाडांच्या अंगात ती जाळी कायमची शिरलेली दिसते, कारण लावण्याचा समारंभ झाला आणि काढायला कुणी आलं नाही. नव्या रोपाला पहिले तीन उन्हाळे पाणी हवं, आधाराची काठी सैल सुतळीने बांधलेली हवी.

आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसला तर समजा भिरूड आत आहे. छिद्र शोधा, तारेने अळी ओढून काढा, कृषी सहायकाला दाखवून औषध ठरवा. उशीर झाला तर फांदीच काय, झाडही जातं. बांडगूळ दिसलं की फुलायच्या आत, ते चिकटलंय त्याच्या थोडं मागून फांदी कापा. नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं. आंब्याची हलकी छाटणी फळं उतरल्यावर करावी. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच उपटा; हातभर झालं की गवंडी बोलवावा लागतो.

पावसाळ्याआधी प्रत्येक झाडाभोवती एक फेरी मारा. बुंध्याशी टोपीसारखी कडक बुरशी आली आहे का, झाड नव्याने कलतंय का, कलाच्या विरुद्ध बाजूला जमिनीत भेग आहे का, दोन सारख्या जाड फांद्यांच्या बेचक्यात साल दबून चीर पडली आहे का, लाकडी दांड्याने ठोकल्यावर खोड पोकळ वाजतं का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या दोन-तीन वर्षांत या झाडाजवळून पाण्याच्या पाइपचा किंवा केबलचा चर खणला गेला का. वरून हिरवीगार दिसणारी झाडं जुलैत उभीच्या उभी आडवी होतात, त्यामागे बहुतेकदा असा चर आणि त्यात तुटलेली मुळं असतात. ज्या बाजूला चर खणला ती बाजू लक्षात ठेवा, आणि आवारात पुढचा चर खणायला येणाऱ्याला झाडापासून लांबून न्यायला लावा.

शेवटी पैशांचं. मोठं झाड दरवर्षी छाटायचं नसतं, तीन वर्षांतून एकदा पुरतं. साठ घरांच्या सोसायटीत वीस मोठी झाडं असतील तर वर्षाला सात झाडांची पाळी येते. झाडामागे सव्वासहा हजार धरले तर वर्षाचे 43,750 रुपये, म्हणजे घरामागे महिन्याला साठेक रुपये. पुढच्या वार्षिक सभेत अंदाजपत्रकात रंगकाम आणि लिफ्टच्या खाली 'झाडं' अशी वेगळी ओळ घालून घ्या.